सागरी गाळांचे भूकंपीय मापन

खंडांच्या कडेलगत समुद्रतळाखाली साचलेल्या गाळांची जाडी, रचना व निक्षेपणाचा इतिहास कृत्रिम रीत्या निर्माण केलेल्या ध्वनितरंगांच्या साहाय्याने अजमावण्याच्या पद्धतींना सागरी गाळांचे भूकंपीय मापन म्हणतात. ‘भूकंपीय’ या शब्दाने येथे नैसर्गिक भूकंप अभिप्रेत नाही. भूकंपाचे तरंग ज्या नियमांनुसार खडकांतून प्रवास करतात, त्याच नियमांनुसार जहाजावरून सोडलेला ध्वनीही समुद्रतळाखालील थरांतून जातो व अंशतः परत येतो. म्हणून ही संज्ञा रूढ झाली आहे. प्रकाश व रेडिओ तरंग समुद्राच्या पाण्यात थोड्याच अंतरात शोषले जातात. ध्वनी मात्र कित्येक किमी. पाणी आणि त्याखालचा कित्येक किमी. गाळ भेदून जाऊ शकतो. त्यामुळे समुद्राखालील भूविज्ञानाचे हे प्रमुख साधन ठरले आहे.

या मापनात प्रत्यक्ष मोजला जातो तो काळ होय. ध्वनी सोडल्यापासून त्याचा प्रतिध्वनी परत येईपर्यंत किती वेळ लागला, एवढेच उपकरण नोंदविते. थराची जाडी वा खोली ही त्या काळावरून, ध्वनीचा त्या थरातील वेग जाणून घेऊन, गणिताने काढावी लागते. वेग चुकला की, जाडीही त्याच प्रमाणात चुकते. खनिज तेलाची विहीर कोठे खणावयाची येथपासून एखाद्या राष्ट्राचा सागरतळावरील हक्क कोठपर्यंत पोहोचतो येथपर्यंतचे अनेक निर्णय या एका राशीवर अवलंबून असतात.

खंडसीमा व त्यांवरील गाळ : खंडाचे कवच किनाऱ्यापाशी संपत नाही. ते समुद्राखाली काही अंतर पुढे गेलेले असते. किनाऱ्यालगतच्या उथळ व मंद उताराच्या भागास खंड-फळी म्हणतात. तिच्या बाह्य कडेपाशी पाण्याची खोली बहुधा १३० ते २०० मी. असते. तेथून पुढे तळ अधिक तीव्रतेने खाली जातो. तो खंडान्त उतार होय. उताराच्या पायथ्याशी वरून घसरून आलेल्या गाळाचा विस्तीर्ण व सौम्य उंचवटा आढळतो आणि त्यापलीकडे खोल सागरी मैदान सुरू होते. या सर्व पट्ट्यास मिळून खंडसीमा ही संज्ञा वापरतात.

नद्यांनी वाहून आणलेली वाळू व चिखल, सागरी जीवांची कवचे आणि वाऱ्याने आलेली धूळ यांचे थर खंडसीमांवर कोट्यवधी वर्षे साचत आलेले आहेत. अटलांटिक महासागराच्या दोन्ही बाजूंस व भारताच्या मुख्य भूमीलगत आढळणाऱ्या निष्क्रिय खंडसीमांवर हे थर सामान्यतः फारसे न मोडता एकावर एक पडलेले असतात. त्यांची जाडी काही ठिकाणी १० किमी. हून अधिक भरते. जेथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरत आहे, अशा सक्रिय खंडसीमांवर, उदा., अंदमान-निकोबार बेटांच्या पश्चिमेस, गाळ खरवडला जाऊन त्याच्या वळ्या पडतात व तो विभंगांनी तुटतो. दोन्ही प्रकारच्या गाळांत हवामान, समुद्रपातळी आणि खंडांची झीज यांचा अखंडप्राय वृत्तांत साठविलेला असतो.

मूलतत्त्व : समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग दर सेकंदास सु. १,५०० मी. असतो. समुद्रतळावरील ताज्या, मऊ चिखलात तो जवळजवळ तितकाच आढळतो. वरच्या थरांच्या भाराने गाळ दाबला जाऊन त्यातील पाणी निघून गेले आणि कण एकमेकांस चिकटले म्हणजे वेग वाढत जातो. मध्यम दृढ गाळांत तो सामान्यतः २,००० ते ३,५०० मी., मिठाच्या थरांत सु. ४,५०० मी. आणि घट्ट चुनखडकांत वा बेसाल्टात ५,००० मी. किंवा त्याहूनही अधिक असतो.

पदार्थाची घनता व त्यातील ध्वनीचा वेग यांच्या गुणाकारास ध्वनिसंरोध म्हणतात. लागून असलेल्या दोन थरांच्या ध्वनिसंरोधांत फरक असेल, तर त्यांच्या सीमेवरून ध्वनीचा काही भाग परावर्तित होतो. फरक जितका मोठा, तितके परावर्तन प्रबळ. खालच्या थराचा संरोध वरच्यापेक्षा कमी असेल, तर परावर्तित तरंगाची दिशा उलटते, म्हणजे दाबाच्या जागी विरलता येते. यावरून हे ध्यानात येईल की, परावर्तन हे खडकाचे चिन्ह नसून फरकाचे चिन्ह आहे. दोन भिन्न खडकांचे संरोध सारखे असतील, तर त्यांमधील सीमा ध्वनीला दिसत नाही. उलट एकाच प्रकारच्या चिखलात मध्येच वायू साठलेला असेल, तर तेथे प्रबळ प्रतिध्वनी मिळतो.

ध्वनीची कंप्रता (दर सेकंदास होणारी कंपनसंख्या) कमी असेल, तर तो खोलवर पोहोचतो. पण बारीक तपशील दाखवीत नाही. एकमेकांपासून तरंगलांबीच्या सु. एक चतुर्थांशापेक्षा कमी अंतरावर असलेल्या सीमा वेगळ्या ओळखता येत नाहीत. ५० हर्ट्झ कंप्रतेचा ध्वनी २,००० मी./से. वेगाच्या गाळातून जात असता त्याची तरंगलांबी ४० मी. असते व १० मी. हून पातळ थर त्यास उमगत नाहीत. ३,५०० हर्ट्झचा ध्वनी काही डेसिमीटर जाडीचे थर दाखवितो. परंतु मऊ चिखलात काही दशक मीटरांपलीकडे तो सहसा पोहोचत नाही. म्हणून एकाच प्रदेशात वेगवेगळ्या कंप्रतांची मापने परस्परपूरक म्हणून केली जातात.

इतिहास : १९१२ मध्ये टायटॅनिक जहाज बुडाल्यानंतर पाण्यातील ध्वनीने अडथळे ओळखण्याच्या प्रयत्नांस वेग आला. १९१४ मध्ये रेजिनल्ड फेसेंडेन यांनी आपल्या आंदोलकाच्या साहाय्याने हिमनगावरून परतलेला प्रतिध्वनी नोंदविला. जमिनीवर १९१९ च्या सुमारास जर्मनीत लूटव्हिग मिंट्रोप यांनी प्रणमन (वक्रीभवन) पद्धती आणि १९२१ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात जॉन कार्चर व त्यांचे सहकारी यांनी परावर्तन पद्धती खडकांच्या शोधासाठी वापरून पाहिली.

खंडसीमेवरील पहिले महत्त्वाचे मापन १९३५ मध्ये अमेरिकन भूभौतिकीविज्ञ मॉरिस ईविंग यांनी व्हर्जिनिया राज्याच्या किनाऱ्यासमोर केले. जमिनीवर उघडे पडलेले कठीण, स्फटिकी खडक समुद्राकडे उतरत जातात आणि त्यांवरील गाळाची जाडी वाढत जाऊन खंड-फळीच्या कडेपाशी ती ३ किमी. हून अधिक होते, असे स्फोटांच्या तरंगांवरून त्यांनी दाखवून दिले. खंड-फळी म्हणजे लाटांनी कापून सपाट केलेला खडकाचा ओटा असावा, अशी कल्पना तोवर मांडली जात असे. प्रत्यक्षात ती गाळाने भरलेली एक प्रचंड द्रोणी निघाली. खनिज तेल अशाच द्रोणींत सापडत असल्याने या निष्कर्षाचे आर्थिक महत्त्वही पुढे स्पष्ट झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर चालत्या जहाजावरून अखंड आलेख काढण्याच्या पद्धती विकसित झाल्या. प्रारंभी स्फोटके वापरीत. १९६० नंतरच्या दशकात त्यांची जागा वायुबंदुकीने घेतली. अमेरिकेतील हॅरी मेन यांनी १९५० मध्ये सुचविलेली समखोलबिंदू पद्धती अंकीय संगणक उपलब्ध झाल्यावर सर्वत्र रूढ झाली. १९७७ मध्ये पीटर व्हेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी परावर्तनांच्या मांडणीवरून थरांचा कालक्रम व समुद्रपातळीतील बदल अनुमानण्याची पद्धती प्रसिद्ध केली. भूकंपीय स्तरविज्ञान ही शाखा येथून प्रस्थापित झाली.

साधने व कार्यपद्धती : वायुबंदुकीत सु. १४० बार इतक्या दाबाची हवा साठविलेली असते. ती पाण्यात एकदम सोडली असता स्फोटासारखा दाबतरंग निर्माण होतो. सुटलेला हवेचा बुडबुडा प्रसरण व आकुंचन पावत राहिल्याने मूळ ध्वनीमागोमाग अनेक दुय्यम ध्वनी निघतात. ते परस्परांना छेद देतील अशा बेताने लहानमोठ्या आकारमानांच्या अनेक बंदुका एकत्र जोडून त्यांचा समूह ओढला जातो. जहाज ताशी चार-पाच सागरी मैलांच्या मंद गतीने चालते व दर काही सेकंदांनी समूह डागला जातो.

जहाजामागे काही किमी. लांबीची ग्राहकमाला तरंगत असते. तिच्यात ठराविक अंतरांवर बसविलेले जलध्वनिग्राहक, म्हणजे हायड्रोफोन, दाबविद्युत् परिणामाने पाण्यातील दाबाच्या फरकांचे विद्युत् संदेशांत रूपांतर करतात. समुद्रतळाखालील एकाच बिंदूवरून परतलेला ध्वनी निरनिराळ्या अंतरांवरील ग्राहकांस वेगवेगळ्या वेळी मिळतो. या सर्व नोंदी योग्य दुरुस्ती करून एकत्र मिळविल्यास खरा प्रतिध्वनी बळकट होतो आणि अव्यवस्थित गोंगाट मागे पडतो. समांतर रेषांवर अनेक माला ओढून त्रिमितीय चित्रही मिळविता येते.

प्रणमन पद्धतीत ध्वनीचा उगम व ग्राहक यांत दहापासून शेकडो किमी. पर्यंत अंतर ठेवतात. अधिक वेगाच्या खोल थरात शिरून त्याच्या पृष्ठालगत दूरवर धावणारा तरंग जवळून येणाऱ्या तरंगांच्या आधी पोहोचतो. आगमनकाळ व अंतर यांच्या आलेखाच्या चढावरून त्या थरातील वेग थेट मिळतो. यासाठी समुद्रतळावर ठेवलेले भूकंपमापक वापरतात. जास्त वेगाच्या थराखाली कमी वेगाचा थर असेल, तर मात्र या पद्धतीस तो सापडत नाही; कारण त्याच्या पृष्ठालगत धावून वर येणारा तरंगच निर्माण होत नाही.

वेगाचे निर्धारण : परावर्तन मापनात वेग पुढीलप्रमाणे काढतात. एखाद्या सपाट सीमेचा प्रतिध्वनी उगमाच्या ठिकाणीच २ सेकंदांनी मिळाला असे समजू. वरील थरातील वेग २,००० मी./से. असेल, तर ३ किमी. दूर असलेल्या ग्राहकास तो २·५ सेकंदांनी मिळेल. वेग २,५०० मी./से. असेल, तर तोच सु. २·३३ सेकंदांनी मिळेल. अंतराबरोबर विलंब किती वाढतो यावरून वेग ठरतो. पहिल्या बाबतीत सीमेची खोली २,००० मी. व दुसऱ्या बाबतीत २,५०० मी. येते, हे लक्षणीय आहे. अनेक थर एकावर एक असतील, तर प्रत्येक थरातील स्वतंत्र वेग काढण्याचे सूत्र सी. एच्. डिक्स यांनी १९५५ मध्ये दिले.

विलंबातील हा फरक खोलीबरोबर झपाट्याने कमी होतो. ग्राहकमालेच्या लांबीच्या मानाने सीमा फार खोल असेल, तर वेगातील अनिश्चितता वाढते. अशा वेळी लांब माला, समुद्रतळावरील भूकंपमापक अथवा विहिरीतील प्रत्यक्ष वेगमापन यांचा आधार घ्यावा लागतो.

आलेखाचे वाचन : जहाजाच्या मार्गावरील अंतर आडव्या अक्षावर व प्रतिध्वनीचा द्विमार्गी काळ उभ्या अक्षावर घेऊन काढलेला आलेख समुद्रतळाच्या उभ्या छेदासारखा दिसतो. काही किमी. जाडीच्या त्या पट्ट्यात एकमेकांस समांतर, पंख्यासारखे पसरलेले किंवा नागमोडी असे अनेक थर दिसू शकतात. समांतर रेषा शांत पाण्यातील निक्षेपण सुचवितात. समुद्राकडे झुकलेल्या तिरप्या रेषा पुढे सरकत गेलेल्या त्रिभुज प्रदेशाच्या असतात. वरचे टोक छाटलेल्या रेषांवर नवे थर आडवे टेकलेले दिसले, तर मध्यंतरी झीज झाली होती, म्हणजेच थरांत विसंगती आहे, असे समजतात. किनाऱ्याकडे एकामागून एक पुढे सरकत टेकलेले थर पाणी जमिनीवर चढत गेल्याचे दर्शक असतात. मात्र पाणी चढले की जमीन खचली, हे केवळ आलेखावरून ठरत नाही. व्हेल यांनी काढलेल्या जागतिक समुद्रपातळीच्या वक्रावर याच मुद्द्यावरून दीर्घकाळ वाद झाला.

आलेखाचे खडकाच्या छेदाशी असलेले साम्य फसवेही असते. समुद्रतळ व पृष्ठभाग यांमध्ये पुनःपुन्हा आपटून आलेला ध्वनी खोटे थर दाखवितो. उथळ खंड-फळीवर हा दोष विशेष जाणवतो. सागरी घळईखाली सपाट थरही खोलगट दिसतात. कारण तेथे ध्वनीचा अधिक मार्ग मंद वेगाच्या पाण्यातून गेलेला असतो. उलट मिठाच्या जाड, वेगवान थराखालील सपाट तळ उंचावलेला दिसतो. बेसाल्टाचे थर बरीचशी ऊर्जा वरच परतवितात व उरलेली विखुरतात. त्यामुळे भारताच्या पश्चिमेस, दख्खन ज्वालामुखीच्या लाव्ह्याखाली दडलेल्या जुन्या गाळांचे चित्र स्पष्ट मिळणे अद्यापि कठीण जाते.

वेधनाने पडताळणी : ध्वनीने आकार कळतो, पदार्थ व वय निश्चित करण्यासाठी थरापर्यंत वेधन करून नमुना काढावा लागतो. याचे प्रसिद्ध उदाहरण भूमध्य समुद्रातील आहे. तेथील तळाखाली दूरवर आढळणारे एक प्रबळ परावर्तन भूभौतिकीविज्ञांना परिचित होते व त्यास ‘एम्’ असे नाव दिलेले होते. १९७० मध्ये ग्लोमार चॅलेंजर या वेधन जहाजाने त्यात छिद्र पाडले, तेव्हा जिप्सम व इतर क्षारांचे थर वर आले. सु. ५९·७ ते ५३·३ लाख वर्षांपूर्वी अटलांटिकशी असलेला संबंध तुटून वा आक्रसून या समुद्राचे पाणी फार मोठ्या प्रमाणात आटले होते, हा निष्कर्ष त्यातून पुढे आला. आटलेल्या पाण्याची पातळी नेमकी किती खाली गेली होती, याविषयी मतभेद आहेत.

गॅस हायड्रेटांच्या बाबतीतही असाच अनुभव आला. अधिक दाब व कमी तापमान असता पाणी व मिथेन मिळून बर्फासारखा घन पदार्थ बनतो. समुद्रतळाखाली खोलीबरोबर तापमान वाढत असल्याने ठराविक खोलीखाली तो टिकत नाही व तेथे मोकळा वायू साठू शकतो. या सीमेवरून येणारे परावर्तन उलट्या दिशेचे असते, समुद्रतळाच्या चढउतारांना समांतर जाते आणि गाळाच्या थरांना छेदते. अमेरिकेच्या पूर्वेकडील ब्लेक कटकावर ते प्रथम अभ्यासले गेले व १९८० मध्ये तेथील गाळातून हायड्रेटाचे नमुने मिळाले. भारताच्या राष्ट्रीय गॅस हायड्रेट कार्यक्रमाखाली २००६ मध्ये जॉइडीस रेझोल्यूशन या जहाजाने केलेल्या वेधनात कृष्णा-गोदावरी द्रोणीत एका ठिकाणी चिखलातील भेगांत हायड्रेट भरलेला सु. १३० मी. जाडीचा थर मिळाला. त्याच मोहिमेत अरबी समुद्रात केरळ-कोकण द्रोणीत घेतलेल्या विहिरीत मात्र हायड्रेट आढळले नाही.

तळावरील भूस्खलने : खंडान्त उतारावरील गाळ कधीकधी प्रचंड प्रमाणात घसरतो. आलेखावर अशा राशी आतून विस्कळीत व खालून कापल्यासारख्या दिसतात. नॉर्वेच्या किनाऱ्यासमोरील स्टोरेग्गा भूस्खलन सु. ८,१५० वर्षांपूर्वी घडले. त्याने उठलेल्या त्सुनामी लाटेने नॉर्वे, स्कॉटलंड व शेटलंड बेटे येथे दूरवर वाळू नेऊन टाकली. १९९७ मध्ये याच भूस्खलनाच्या खाचेत ओर्मेन लांगे हे वायुक्षेत्र सापडले. तेथे वायू काढल्यास उतार पुन्हा ढासळेल काय, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित झाला. भूकंपीय आलेख, वेधन व मृदायांत्रिकीय चाचण्या यांच्या आधारे तसा धोका फार अल्प असल्याचे ठरल्यावर २००७ मध्ये उत्पादनास प्रारंभ झाला.

पश्चिम भारताच्या खंडसीमेवरही असेच एक अवाढव्य भूस्खलन भूकंपीय आलेखांवरून उघडकीस आले असून त्यास ‘नटराज’ हे नाव देण्यात आले आहे. त्याचे घनफळ सु. १९,००० घन किमी. असावे, असा अंदाज २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी लक्ष्मी द्रोणीत झालेल्या वेधनात या राशीतून नमुने काढण्यात आले. त्यांवरून ती १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वीच्या किंचित आधी साचली, असे दिसून आले.

भारतीय खंडसीमा : मुंबईसमोर खंड-फळीची रुंदी सु. ३०० किमी. असून दक्षिणेकडे ती अरुंद होत जाते. खंबायतचे आखात व त्याच्या दक्षिणेकडील समुद्र यांत १९६० नंतरच्या दशकात सोव्हिएट जहाजाच्या साहाय्याने भूकंपीय सर्वेक्षण झाले. त्यात मुंबईच्या पश्चिम-वायव्येस सु. १६० किमी. वर थरांची एक विस्तीर्ण घुमटाकार रचना आढळली. फेब्रुवारी १९७४ मध्ये सागर सम्राट या वेधनमंचाने तेथे मायोसीन काळातील चुनखडकात खनिज तेल शोधून काढले व १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. मुंबई हाय या नावाने हे क्षेत्र प्रसिद्ध आहे. तेथे पाण्याची खोली केवळ सु. ७५ मी. आहे.

पूर्वेस गंगा व ब्रह्मपुत्रा या नद्यांनी हिमालयातून आणलेल्या गाळाचा बंगाल पंखा सु. ३,००० किमी. लांब असून तो विषुववृत्ताच्या दक्षिणेपर्यंत पोहोचला आहे. जोसेफ करे व डेव्हिड मूर यांनी १९७१ मध्ये भूकंपीय मापनांवरून त्याचे स्वरूप मांडले. उपसागराच्या उत्तर टोकाकडे गाळ व त्यापासून बनलेले खडक यांची एकूण जाडी २० किमी. च्या आसपास असल्याचे मानले जाते. हिमालयाची झीज कधी व किती वेगाने झाली, याचा पुरावा पर्वतात थोडा व या गाळात पुष्कळ आहे. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था व हैदराबाद येथील राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था यांनी या दोन्ही समुद्रांतील गाळांचा अभ्यास केलेला आहे.

जलचरांवरील परिणाम : वायुबंदुकांचा ध्वनी पाण्यात शेकडो किमी. पर्यंत ऐकू जाऊ शकतो. देवमासे व इतर सागरी सस्तन प्राणी संपर्कासाठी व दिशाज्ञानासाठी ध्वनीवरच अवलंबून असतात. सर्वेक्षणाच्या काळात ते मार्ग बदलतात किंवा आवाज काढणे कमी करतात, असे काही ठिकाणी आढळले आहे. यासाठी अनेक देशांत ध्वनीची तीव्रता हळूहळू वाढविणे, जहाजावर निरीक्षक ठेवणे व प्राणी जवळ दिसताच काम थांबविणे असे नियम केलेले आहेत.

सागरी हक्कांच्या सीमा : संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदाविषयक करारातील अनुच्छेद ७६ नुसार किनारी राष्ट्रास काही अटींवर २०० सागरी मैलांपलीकडील (१ सागरी मैल = १·८५२ किमी.) समुद्रतळाच्या साधनसंपत्तीवरही हक्क मिळतो. खंडसीमेचा शेवट ठरविण्याच्या दोन सूत्रांपैकी एक गाळाच्या जाडीवर आधारलेले आहे. खंडान्त उताराच्या पायथ्यापासून एखाद्या बिंदूचे जे किमान अंतर असेल, त्याच्या निदान १ टक्का जाडीचा गाळाचा खडक तेथे असल्यास तो बिंदू खंडसीमेत मोडतो. तथापि ही सीमा आधाररेषेपासून ३५० सागरी मैलांपलीकडे अथवा २,५०० मी. खोलीच्या समोच्च रेषेपासून १०० सागरी मैलांपलीकडे नेता येत नाही. या दोहोंपैकी कोणतीही एक मर्यादा पाळली तरी चालते.

पायथ्यापासून २०० किमी. वरील एका बिंदूचे उदाहरण घेतल्यास वेगाचे महत्त्व स्पष्ट होते. तेथे २ किमी. गाळ असला पाहिजे. भूकंपीय आलेखावर समुद्रतळ व गाळाचा पाया यांमधील द्विमार्गी काळ १·८ सेकंद आढळला, तर २,००० मी./से. या सरासरी वेगाने जाडी १,८०० मी. येते व बिंदू सीमेबाहेर राहतो. वेग २,३०० मी./से. धरल्यास जाडी २,०७० मी. येते व तोच बिंदू सीमेत येतो. आलेख बदललेला नसतो. बदललेला असतो तो वेग. म्हणूनच खंड-फळीच्या सीमांविषयीच्या संयुक्त राष्ट्रीय आयोगाने १९९९ मध्ये स्वीकारलेल्या मार्गदर्शक सूचनांत जाडीबरोबरच वेगाची मापने व त्यांतील त्रुटींचा हिशेब यांवर भर दिलेला आहे.

बंगालच्या उपसागराच्या दक्षिण भागात खंड-फळी अरुंद, परंतु गाळ असामान्य जाडीचा असल्याने १ टक्क्याचे सूत्र तेथील राष्ट्रांवर अन्याय करील, हे सागरी कायदा परिषदेने मान्य केले. त्यामुळे तेथे विशिष्ट अटींवर किमान १ किमी. जाडीचा गाळ असलेल्या बिंदूंपर्यंत सीमा नेण्याची मुभा परिषदेच्या अंतिम दस्तऐवजात देण्यात आली. भारताने ११ मे २००९ रोजी आपला अंशतः दावा आयोगापुढे मांडला. त्यासाठी लागणाऱ्या सर्वेक्षणाचे संयोजन गोव्यातील राष्ट्रीय अंटार्क्टिक व महासागर संशोधन केंद्राने केले होते. २०१८ पासून ही संस्था राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र या नावाने ओळखली जाते. बांगलादेश व म्यानमार यांच्यातील वादाचा १४ मार्च २०१२ रोजी निर्णय देताना आंतरराष्ट्रीय सागरी कायदा न्यायाधिकरणानेही या उपसागरातील गाळाच्या जाड थराची दखल घेतली. हिमालयातून वाहून आलेल्या मातीची जाडी ध्वनीने मोजून तीवरून राष्ट्रांच्या हक्कांचा पल्ला ठरत असल्याने वेगाच्या अचूक मापनाचे महत्त्व आता केवळ भूविज्ञानापुरते मर्यादित राहिलेले नाही.